मुळशीचं खाचर आणि निळी वही

सूसला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर शुक्रवारी सकाळी सात वाजता कंपनीची बस येऊन थांबली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर लाल खूण करणारी ही कंपनी आम्हाला तीन दिवस मुळशीला नेणार, राहायला खोली देणार, जेवायला घालणार आणि वर 'कामाचा अर्थ' शोधून देणार? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"तू तरी जरा सरळ मनाने जा," नवरा बॅग चढवताना म्हणाला. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाने हे म्हणावं! माझं मन सरळ असतं तर माझी नोकरी कधीच गेली असती. मिक्सर, गिझर, कुकर बनवणाऱ्या कंपनीत मी लोकांच्या तक्रारींना मराठीतून उत्तरं लिहिते. म्हणजे लिहीत होते. गेल्या वर्षापासून उत्तरं एआय लिहितं आणि मी ती वाचून 'ठीक' दाबते. आमच्या टेबलाला आठजणी होत्या, आता तिघी उरलोय. पुढची पाळी माझी, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण विचारतो?

नांद्यावरून बस पिरंगुटला लागली. आषाढ संपत आला होता. दोन्ही बाजूंना भात आणि भाताच्या मध्येच 'फार्महाऊस प्लॉट विकणे आहे'चे फलक. पौडला चहाला उतरलो. टपरीवाल्याने गाळणी आपटत विचारलं, "कुटं निघाला एवढा लवाजमा?"

"कामाचा अर्थ शोधायला," मी म्हटलं.

"आरं तिच्या! आन त्यासाठी काम सोडून चालला व्हय?"

तीन दिवसांत ऐकलेल्या तत्त्वज्ञानातलं हे पहिलं वाक्य. चहा मात्र झकास होता, आलं ठेचून घातलेला.

पौड सोडल्यावर डोंगर जवळ आले, मग धरणाचं पाणी दिसायला लागलं. ढग इतके खाली उतरलेले की पलीकडचा काठ नव्हताच. आमचा मुक्काम एका रिसॉर्टवर होता. दगडी जोती, लाल कौलं, आणि स्वागताला बुंदीचा लाडू. लाडूसुद्धा मी आधी फोडून बघितला.

संध्याकाळी सभागृहात सरांची ओळख झाली. हे एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, हातमागाचा शर्ट, आवाज मऊ. त्यांच्याशेजारी केतकी, कंपनीने शिबिराची व्यवस्था बघायला पाठवलेली तरतरीत मुलगी. तिने प्रत्येकाच्या हातात एक निळी वही ठेवली.

सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ते म्हणाले, "समजा, तुम्ही करता ते सगळं उद्या यंत्राने तुमच्याइतकंच चांगलं केलं. मग आजवर तुम्ही करत होता ते काम होतं, की नुसती हालचाल?"

माझ्या तोंडाला कुलूप कधीच नसतं. "सर, हा प्रश्न तुमचा की कंपनीचा?"

लोक हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न फार जुना आहे, ताई. यंत्र नवं आहे. फळाकडे बघितलं तर यंत्रात आणि तुमच्यात फरक नाही. फरक असलाच तर करणाऱ्यात आहे. तो कुठे आहे, एवढंच शोधायचंय."

माणूस बरा वाटला. पण बऱ्या माणसांनाच पुढे करतात, हेही मला ठाऊक आहे. केतकीने वहीतला गृहपाठ सांगितला: आपलं एका दिवसाचं काम लिहायचं, एकही पायरी न गाळता, आणि प्रत्येक पायरी का केली तेही लिहायचं. 'का' ऐकलं आणि मी ताठ बसले. तत्त्वज्ञानाला माझ्या पायऱ्या कशाला हव्यात? पायऱ्या हव्या असतात त्या चढणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला आवणीला (भाताच्या रोपांच्या लावणीला) नेलं. रिसॉर्टच्या मागे उतारावर एकाखाली एक खाचरं (बांध घातलेली भातशेतं) होती. गावच्या हौसाबाई आणि दोन बायका डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन उभ्या होत्या. हौसाबाई साठीच्या, काटक, बोलायला तिखट. त्यांनी रोपांची एक मूठ (जुडी) माझ्या हातात दिली. "तीन बोटात धरायचं, आन आंगठ्यानं दाबायचं. खुपसायचं न्हाई."

"किती खोल?"

"रोपच सांगतंय की."

मला रोपाने काही सांगितलं नाही. दहा मिनिटांत कंबर मोडली. आमचे हिशेब विभागाचे साहेब चिखलात सपशेल बसले, त्यांचा फोटो सगळ्यांनी काढला. पाऊस वाढला म्हणून मी चष्मा कुडत्याच्या खिशात टाकला. तासाभरात खाचर भरलं, टाळ्या झाल्या. "कामाशी नातं जुळलं!" असं केतकी म्हणाली. मला हा सगळा देखावा वाटला.

जेवायला तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी (पावसाळ्यात उगवणारी रानभाजी) आणि वाफाळता इंद्रायणी भात. दोनदा वाढून घेतला, संशय जेवणावर काढू नये. हात धुताना लक्षात आलं, खिशात चष्मा नाही. बाहेर पाऊस असा कोसळत होता की शोधायला जाणं शक्य नव्हतं. मला जवळचं दिसतं, लांबचं नाही. म्हणून दुपारी वही मात्र लिहिता आली.

इथे माझं गुपित सांगायला हवं. तक्रारीत लोक एक गोष्ट तीन-तीनदा लिहितात आणि एखादी मध्येच, सहज, एकदाच. ती एकदाच लिहिलेली मी धरते. मागे वाईच्या बाजूच्या एका आजोबांनी लिहिलं होतं की मिक्सर फार आवाज करतो. तीनदा लिहिलं होतं. आणि एकदाच: 'हल्ली मीच स्वयंपाक करतो.' आवाज मर्यादेत आहे, असं एआयने कळवायला घेतलं होतं. मी फोन केला. आजी जाऊन दोन महिने झाले होते आणि आजोबा चटणी कोरडीच फिरवत होते. दोन चमचे पाणी घालायचं असतं हे त्यांना सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

हे वहीत लिहून एआयला आयतं शिकवायचं? छे! मी मुद्दाम उलटं लिहिलं. 'जी गोष्ट जास्त वेळा आली असेल तेवढीच धरावी. बाकीचा मजकूर सोडून द्यावा. फोन करू नये.' चार पानं, सुवाच्य अक्षरात, शुद्ध थापा. संध्याकाळी केतकी वह्या गोळा करायला आली. "स्कॅन करून परत देते हं." बघा! मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

रविवारी पहाटेचा पाऊस थांबल्यावर मी चष्मा शोधायला एकटीच खाचराकडे गेले. लांबून धूसर दिसलं ते असं: तीन बायका आमची रोपं भराभर उपटत होत्या. माझं डोकंच फिरलं. तरातरा बांधावरून गेले आणि ओरडले, "अहो मावशी! पाहुणे गेले नाहीत तोवर रोपं चोरता होय?"

हौसाबाईंनी मान वर केली. "चोरतुया? काय बोलता बाई! वाकून बघा जरा."

वाकून बघितलं. आमची निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. काही इतकी खोल गाडलेली की नुसती शेंडी वर. त्या बायका ती काढून, धुऊन, पुन्हा लावत होत्या.

"पाव्हण्यांनी लावलं की दर रविवारी हेच," हौसाबाई म्हणाल्या. "मॅनेजर म्हनतो ऱ्हाऊ द्या, पुढल्या शनवारी दुसरे येऊन लावत्याल. त्याला भात न्हाई, फोटो पायजे."

"मग तुम्ही कशाला करता? रिसॉर्ट वेगळं काही देतं का?"

"काय देतंय! ह्ये खाचर नीट न्हाई लागलं तर हितं गवत माजतंय. पानी हितनं खालच्या खाचरात उतारतं, बी घिऊन. खालचं माझं हाय."

हे मला पटलं. स्वार्थ दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. पण मघाशी त्या नीट करत होत्या तो कोपरा मी बांधावरून येताना ओलांडला होता, तिथलं पाणी ओढ्यात पडत होतं. म्हटलं, "त्या तिकडच्या कोपऱ्याचं पाणी तर ओढ्याला जातं. तुमच्याकडे येतच नाही."

हौसाबाई वैतागल्या. "मंग? आर्धं वाकडं सोडून जाऊ?"

मी बांधावर उकिडवी बसले. मी विचारलं, "सगळ्यांना शिकवता, कुणी ही कला उचलली तर तुमचं काम जाईल, अशी भीती नाही वाटत?"

"शिका की. कंबर तर तुमचीच मोडंल." तिघी खळखळून हसल्या. मी हसले नाही. यंत्राला कंबर नसते, पंचाईत ती तिथेच आहे.

निघताना हौसाबाईंनी पदराची गाठ सोडली. "ह्यो तुमचाच न्हवं? काल चिखलात गावला." माझा चष्मा होता, स्वच्छ पुसलेला. आणि मी या बाईला चोर म्हटलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, चुकले मी," म्हटलं. "ऱ्हाऊ द्या, लांबनं कुनालाबी तसंच वाटल," म्हणून त्या पुन्हा वाकल्या.

परत येताना पाय चालत होते आणि डोक्यात वही. माझ्या त्या चार पानांवरून पाणी कुठे उतरणार होतं? कंपनीकडे नाही. वाईच्या आजोबांसारख्या कुणाकडे तरी, ज्याला कुणीच फोन करणार नव्हतं.

न्याहारीला सगळे जमले होते. मी केतकीसमोर उभी राहिले. "माझी वही दे. त्यात खोटं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम चुकीचं. आधी एक सांग, या वह्या जाणार कुठे?"

केतकी गोंधळली. "एआयच्या टीमकडे. त्याला शिकवायला. ताई, मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे."

सरांनी बशी खाली ठेवली. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, "मी विचारलंही नव्हतं. विचारायला हवं होतं." त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. ते माझ्याकडे वळले. "वही तुमची आहे. देऊ नका हवं तर."

वह्या अजून स्कॅन व्हायच्या होत्या, माझी हातात आली. देऊ नको म्हणणारं मन फार मोठ्याने बोलत होतं. मी व्हरांड्यात जाऊन ती चार पानं फाडली आणि पुन्हा लिहायला बसले. पहिल्या पायरीपासून. तीनदा लिहिलेलं, एकदा लिहिलेलं, कोरडी चटणी, दोन चमचे पाणी, सगळं. आपल्या हाताने आपली खुर्ची उचलून देतोय, हे मला पुरेपूर कळत होतं. शेवटी लिहिलं, 'हे समजलं तरी फोन करावाच लागतो.' आणि वही केतकीच्या हातात दिली. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "मग, सापडला का कामाचा अर्थ?"

"चष्मा सापडला," मी म्हटलं.

कंपनीवरचा माझा संशय फिटलेला नाही, उलट पक्का झालाय. आणि मी शहाणपणा केला की मूर्खपणा, हे मला आजही सांगता येणार नाही. पण पंधरा दिवसांनी नेऱ्याच्या एका बाईंची तक्रार समोर आली. गिझर तापायला वेळ लागतो, तीनदा. आणि एकदाच: 'हल्ली एकटीपुरतंच पाणी तापवते.' खाली एआयने तयार केलेलं उत्तर होतं: 'आपण एकटीपुरते पाणी तापवता असे नमूद केले आहे. त्याचे कारण कळवावे.'

अंगावर काटा आला. माझीच वही बोलत होती. रोप माझं होतं, लावलं मात्र वाकडं. पुढच्या महिन्यात एआय ते सरळही लावेल, असा माझा दाट संशय आहे.

'ठीक' दाबलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी ते वाक्य उपटून काढलं, चष्मा पुसला, आणि त्या बाईंचा नंबर फिरवला.