पोचबाबूंची परवानगी

आमच्या नेत्रसेवेच्या यवतमाळच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाबूजींना सगळे पोचबाबू म्हणायचे. ईमेल पाठवला तरी ते समोरच्याला फोन लावायचे, "गेलं ते मले दिसलं. तुमाले पोचलं काय?" ऐकून माझं डोकं उठायचं.

मी तिथं सॉफ्टवेअर करायला आले होते. घाटंजीकडच्या गावांतून डोळे तपासायला या, असे ईमेल यायचे. पोचबाबू डॉक्टरांच्या कॅलेंडरवर तारीख टाकायचे, गावाला होकार कळवायचे आणि त्या दिवशी सकाळी डॉक्टरांना नेणाऱ्या गाडीवाल्याला निरोप द्यायचे. हे सगळं मी क्लाउडमधल्या छोट्या फंक्शनांवर, म्हणजे इवल्या प्रोग्रॅमवर, सोपवायचं ठरवलं. ईमेल आला की, किंवा निरोपाची वेळ झाली की, फंक्शन आपोआप जागं होणार, काम करून पुन्हा झोपणार. वेगळा सर्व्हर पोसायला नको.

घोडं अडलं परवानगीपाशी. मेल आणि कॅलेंडर वापरू द्या, एवढं एक बटण कुणीतरी आपल्या खात्यातून दाबायचं होतं. साहेब म्हणाले, मॅडमना विचारा. मॅडम म्हणाल्या, साहेबांना. चहाला सगळे हजर, जबाबदारी घ्यायला कोणी नाही! आठवडाभर नुसती चिडचिड. शेवटी पोचबाबूच म्हणाले, "कायले एवढी तणतण करून राह्यली? आण इकडं." पडद्यावरची ओळ न् ओळ वाचून त्यांनी बटण दाबलं. "माह्या नावानं चालन ना हे? मंग नीट चालव."

चाललं की, वर्षभर! ऑफिसचं वेगळं खातं काढून परवानगी तिकडे हलवायचं काम मी मात्र रोज उद्यावर ढकललं.

मग ते निवृत्त झाले. शाल, पेढे, फोटो. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद झालं आणि माझी फंक्शनंही मुकाट बंद पडली. तिसऱ्या दिवशी एका गावातल्या विहारात बारा म्हातारी माणसं सकाळपासून डॉक्टरांची वाट पाहत बसली. होकाराचा ईमेल आधीच गेला होता, खाली पोचबाबूंचं नाव. गाडीवाल्याला निरोप गेलाच नाही. संध्याकाळी गावातून फोन आला तो पोचबाबूंना, "बाबूजी, तुमी बी असेच निंगाले काय?"

त्यांनी मला फोन लावला, तेव्हा मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. "अजून बी माह्याच नावावर हाय, हे मले सांगाचं होतं ना पोरी," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आमची गाडी त्या गावी जाऊन आली, तेव्हा गाडीवाल्याकडून कळलं. मी ऑफिसात फंक्शनं नव्या खात्याला जोडत बसले होते, त्या दिवशी पोचबाबू एसटीनं गावात पोचले होते. बाराही जणांच्या दारात उभं राहून त्यांनी हात जोडले, "चूक माही झाली." त्यांनी मला एक शिवी तरी हासडायला हवी होती! माझं नाव त्या गावात अजून कुणालाही माहीत नाही.