ज्या दारात दादा उशिरा पोचला

काटोलला आमच्या शेजारच्या दुकानात फोन आहे. भर दुपारी तिथून हाक आली, तशी संत्र्यांच्या पेट्या अंगणात सोडून मी धावले. पलीकडे नागपूरहून वहिनी होती. "तुझे दादा गेले वं..." एवढंच बोलली. दादा नंदनवन भागातल्या घरी जेवून आरामखुर्चीत पडला, तो पुन्हा उठलाच नाही. महिना होऊन गेला, तरी दादाबद्दल 'होता' असं लिहिताना हात अडतो.

दादा कचेरीत कारकून. वडील गेल्यावर आम्हा भावंडांचं करता करता त्याचं हुंदडायचं वय निघून गेलं. मग लग्नानंतर कधीतरी त्याने एक जुनी फटफटी घेतली आणि म्हणाला, आपलं मूळ गाव पाहून येतो. वडील सांगायचे, आपले लोक भोसल्यांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आले. एक भाऊ इकडे आला, एक तिथेच राहिला. गावाचं नाव तेवढं घरात टिकून होतं. आई म्हणाली, "काहून गा, रेल्वे बंद पडली का?" दादा हसला. "रेल्वेत बसलं का गाव एकदमच समोर येते, आई. मले हळूहळू जायचं आहे." एकटाच गेला. परत आला तो उन्हाने काळवंडलेला आणि गप्प. तिथे काय झालं, ते त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं, वहिनी आणि मी भाजी निवडत बसलो असताना.

गावात आडनाव विचारल्यावर लोकांनी टोकाचं एक घर दाखवलं. दारात एक म्हातारी धान्य पाखडत होती. तिने वर पाहिलं आणि सूप हातातून गळालं. "आलास व्हय रं, शंकर?" शंकर तिचा मुलगा. तापाने गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत. आतून शंकरची बायको बाहेर आली, दादाला पाहून तिने तोंडावर पदर घेतला आणि मागच्या मागे आत गेली. इतक्या पिढ्यांनंतर चेहरा तोच कसा उतरला, देव जाणे... थोड्या वेळाने म्हातारी शांतपणे म्हणाली, "कळतंय मला, तू त्यो न्हाईस. पर जेवून जा." भाकरी वाढली, शेजारी बसून तो जेवतो कसा ते पाहत राहिली. निघताना म्हणाली, "दिवाळीला ये." दादा म्हणाला, "येतो."

दिवाळीला तो निघालाही. अकोल्याच्या पुढे एक बैलगाडी अचानक आडवी आली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या त्याने तिकडे पत्र धाडायला लावलं. पाय सांधला, पण आखूड राहिला. उन्हाळ्यात, आईचं रडणं न ऐकता, तो पुन्हा त्याच फटफटीवर गेला. म्हातारी मार्गशीर्षातच गेली होती. सुनेने दाराआडून सांगितलं, "अपघाताचं वाचून दाखवलं त्यांना. पर तुमी जिते हाईसा, ह्ये त्यांनी मानलंच न्हाई. म्हणाल्या, माझा शंकर दुसऱ्यांदा गेला. त्या दिवसापास्नं अन्न सोडलं."

दादा त्या उंबऱ्यावर किती वेळ बसला होता, ते त्याने सांगितलं नाही. पण त्यानंतर घरातून निघताना तो कधीच 'येतो' म्हणाला नाही. नुसता हात वर करायचा. आईला ते फार लागायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "एकट्यानं फिरलं का माणसाले वाटते, आपण मोकळे. तसं नसते. कोणीतरी कान लावून बसलं असते." दरवर्षी उन्हाळ्यात तो त्या गावी जात राहिला. सुनेचं छप्पर शाकारून द्यायचा, विहिरीचा गाळ काढवायचा. वहिनीने कधी अडवलं नाही, कधी विचारलंही नाही. तो परत येईपर्यंत मात्र ती नीट जेवत नसे.

मी त्या गावी पत्र टाकलं होतं. तेराव्याला ती सून आली. एकटीच, रेल्वेने, केस पिकलेले. दादाच्या खोलीच्या दारात थबकली. भिंतीवर दादाचा फोटो होता, हाराने अर्धा झाकलेला. कोण आहे, ते वहिनीला न सांगताच कळलं. बाई खाली मान घालून म्हणाली, "इतकी वर्षं येत व्हते, ताई. पहिल्या दिसानंतर म्या कधी तोंडाकडं बघितलं न्हाई त्यांच्या. धीर झाला न्हाई..."

वहिनी उठली, फोटोवरचा हार बाजूला सारला, आणि तिला पाहता यावं म्हणून खिडकी पुरती उघडून दिली.