तिसऱ्यांदा विचारा

झुम्रेता करालिच शाळेचा जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावरची पोरं आपोआप बाकावर बसतात. आधी बुटांचा आवाज येतो, मग किल्ल्यांचा, आणि त्या दोन्हींच्या वर तिचा स्वतःचा. आमच्या ग्राबोविकच्या तांत्रिक शाळेत ती मशीन ड्रॉइंग शिकवते आणि मी भूगोल. तिच्याकडे शिकून पोरं लेथवर उभी राहतात, माझ्याकडे शिकून ऑस्ट्रियाचा रस्ता शोधतात. हे वाक्य तिचंच, आणि ते ती माझ्या तोंडावर म्हणते.

शुक्रवारचा शेवटचा तास तिने हेडमास्तरांकडून हिसकावून घेतला. वेळापत्रकात त्याला नाव नाही, पोरं त्याला ‘नोकरीचा तास’ म्हणतात. हेडमास्तर म्हणाले होते, "अहो झुम्रेताबाई, या गावात नोकऱ्या आहेत कुठे, की तुम्ही त्यांची तयारी करून घेणार?"

"मग पाहुणे दारात आल्यावर पीठ मळायला घ्यायचं का?" असं म्हणून ती खोलीची किल्ली घेऊन चालायला लागली.

या तासाला ती मला साहेब करायची. मी टाय लावून टेबलामागे बसायचं, पोरांनी एकेक करून दार वाजवून आत यायचं आणि नोकरी मागायची. पहिल्याच शुक्रवारी पहिला पोरगा आत आला आणि मी आयुष्यभर ज्याला त्याला विचारत आलोय तेच त्याला विचारलं. "कोणाचा रे तू?"

"पोस्टातल्या इस्मेतचा धाकटा," तो म्हणाला. "आणि आमची मावशी नगरपालिकेत आहे."

खडूचा तुकडा माझ्या कानावर बसला.

"साहेब असं विचारत नाहीत!" झुम्रेता ओरडली.

"आपल्याकडे सगळे विचारतात. दातांचा डॉक्टरसुद्धा विचारतो, तोंडात पक्कड घालून."

"म्हणूनच दात असे आहेत आपल्या गावाचे! पोरांनो, लक्षात ठेवा. या खोलीत कोणी कोणाचा नाही. काय येतं ते सांगायचं. मावशी नाही सांगायची."

वशिला हा तिचा जन्माचा शत्रू. आमच्याकडे नोकरी लागत नाही, लावली जाते. आणि ती लावणारा कोणी तरी काका लागतो. तिच्या पोराला, नेदिमला, असा काका नव्हता. वर्गात पहिला आलेला पोरगा वर्षभर वशिल्याच्या तट्टांना पुढे जाताना पाहत राहिला आणि मग ऑस्ट्रियात लिंझला निघून गेला. त्याला सहा वर्षं झाली. नोकरीचा तास त्यानंतर सुरू झाला, हे मला ठाऊक आहे. तिने मात्र कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एका पोराने साहेबांसाठी म्हणून कॉफीचं पाकीट आणि चॉकलेटचा डबा आणला होता. आमच्यात रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जात नाहीत. मी लगेच खण उघडून दोन्ही आत सरकवलं. तिने खण उघडायला लावला आणि चॉकलेट अख्ख्या वर्गात वाटून टाकलं. मला एकही मिळालं नाही. तो राग माझ्या मनात अजून आहे.

या वर्षी मात्र पाहुणे खरोखरच दारात आले. नदीपलीकडे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारा नवा कारखाना उभा राहिला. मालक परदेशी, मॅनेजर ब्रेदा नावाच्या स्लोव्हेनियातल्या बाई. आमची भाषा छान बोलतात, फक्त जरा शिस्तीत. त्यांनी कळवलं, की शाळेतून यंदा बाहेर पडणाऱ्यांपैकी एकाला आम्ही मोजमापाच्या खोलीत कायमचं घेऊ.

झुम्रेताने त्याच दिवशी जेनिताला बोलावलं.

जेनिता म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या साकिबची मुलगी. हे बघा, मी परत ‘कोणाची’ ते सांगितलंच! शाळेचा जुना लेथ फक्त तिचं ऐकतो. आवाजावरून ती सांगते की कुठलं बेअरिंग खराब व्हायला लागलंय. आई नाही, घरात ती आणि बाप दोघंच. परदेशात उल्मला असलेल्या आत्याने तिच्यासाठी हॉटेलात खोल्या आवरायचं काम बघून ठेवलं होतं. इथे काही झालं नाही तर जुलैत बस पकडायची, असं घरात ठरलेलं.

"मला नाही जायचं, बाई," ती म्हणाली. "मला गाद्यांवरच्या चादरी नाही बदलायच्या. आणि बाबांना अंडंसुद्धा उकडता येत नाही."

"मग साहेबांसमोर बस. मिधात, टाय लाव!"

मी टाय लावला. "काय काय येतं तुला?"

"थोडंफार येतं, सर."

"थोडंफार?" झुम्रेता खिडकीजवळून गरजली. "अगं, मागच्या महिन्यात तू अख्खा गिअरबॉक्स उघडून बसवलास!"

"तो आपोआप बसला, बाई."

स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे भर बाजारात कपडे काढण्यासारखं, असं तिला वाटायचं. ते ‘थोडंफार’ काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. हात कसा मिळवायचा, डोळ्यांत बघून कसं बोलायचं, माहीत नसेल तर ‘माहीत नाही, शिकेन’ कसं म्हणायचं, सगळं झुम्रेताने घोटून घेतलं. शेवटी एके दिवशी पोरगी ताठ बसून म्हणाली, "मला शतांश मिलिमीटरपर्यंत अचूक मोजता येतं," आणि लाजून टेबलाखाली बघायला लागली. झुम्रेताने तिचा मुका घेतला.

त्याच आठवड्यात आम्ही शिक्षकांच्या खोलीत कॉफी पीत असताना नेदिमचा फोन आला. झुम्रेताचा फोन इतका मोठ्याने बोलतो, की खासगी असं काही राहतच नाही.

"आई, बैरामच्या सणाला येऊ का?"

"नको रे राजा, कशाला उगाच! केवढा लांबचा रस्ता, तुझी रजा वाया. मी मजेत आहे."

"बरं," तो म्हणाला. मग हवेपाण्याचं बोलणं झालं आणि फोन बंद झाला.

झुम्रेताने कॉफीत साखरेचा खडा बुडवला. "अक्रोड आत्ताच घेऊन ठेवले पाहिजेत. नेदिमला गोड बकलावा दोन ताटं लागतो." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी आईही असंच बोलली असती.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं कारखान्याच्या फाटकासमोरच्या कॉफीच्या टपरीत जाऊन बसलो. जेनिता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात काहीही न घेता आत गेली. झुम्रेताने त्या हातांकडे समाधानाने पाहिलं. त्यानंतर तिने तीन कॉफ्या प्यायल्या आणि माझं डोकं खाल्लं.

जेनिता बाहेर आली ती हसतच.

"कसं झालं?"

"छान झालं, बाई! त्यांनी मला एक बिजागरी मोजायला दिली. मोजली. त्यांच्या यंत्रातच थोडी चूक आहे म्हटलं, तर त्यांनी तपासून घेतलं, होतीच. ‘थोडंफार’ एकदाही नाही म्हटलं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘जागा तुझी. येशील?’"

झुम्रेताने छातीवर हात ठेवला. "आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, नको मॅडम, राहू द्या, कशाला माझ्यासाठी त्रास."

टपरीवाल्याचा हात कॉफी ओतता ओतता थांबला.

"काय म्हणालीस?"

"मग काय लगेच हो म्हणू?" जेनिता गोंधळली. "पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं, बाई? अधाशी दिसतं ते. दुसऱ्यांदा विचारल्यावर मी जरा ‘बघते’ म्हणणार होते, आणि तिसऱ्यांदा हो. पण त्यांनी परत विचारलंच नाही. ‘वाईट वाटलं’ म्हणाल्या, हात मिळवला आणि दार उघडून धरलं."

"आणि तू बाहेर आलीस?"

"दार उघडून धरलं होतं ना! मला वाटलं, दुसऱ्यांदा फोनवर विचारतील." तिचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. "कॉफीचंही असंच झालं. ‘घेणार का’ म्हणाल्या, मी नको म्हटलं, तर त्यांनी खरंच दिली नाही. घसा सुकला होता माझा."

मी कपाळाला हात लावला. एवढ्या शुक्रवारांत आम्ही तिला सगळं शिकवलं, पण हे शिकवायचं असतं हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. यजमानाने आग्रह करायचा, पाहुण्याने आढेवेढे घ्यायचे. आम्ही जन्मल्यापासून असंच जेवत आलोय. साहेब बनून मीसुद्धा दर वेळी ‘ये बाळा, ये ना, लाजू नकोस’ म्हणत तीनदा विचारत होतो!

"दुपारी आणखी एक मुलगा येणार आहे," जेनिता म्हणाली. "मॅडम रखवालदाराला सांगत होत्या." आणि ती रडायला लागली. "उल्मची बस, बाई."

झुम्रेता उठली. कोट घातला. रस्ता ओलांडून ती तरातरा फाटकापर्यंत गेली. मीही मागोमाग धावलो. तिच्यापुढे ब्रेदाबाईच काय, अख्खा स्लोव्हेनिया टिकला नसता. झुम्रेता आत जाणार, सगळं समजावून सांगणार आणि काम होणार, याची मला खात्री होती. पण फाटकाच्या दांड्याला हात लावून ती थांबली.

"चल ना," मी म्हटलं. "काय बघतेस?"

"मिधात, मी आत जाऊन या पोरीसाठी शब्द टाकला तर मी कोण झाले?"

"तिची बाई झालीस."

"काका झाले." तिने हात मागे घेतला. "सहा वर्षं पोरांना सांगतेय, तुमच्यासाठी कोणी बोलणार नाही, आणि कोणी बोलूही नये. आणि पहिल्याच दाराशी मीच बाह्या सरसावून उभी?"

"तत्त्वं राहू दे गं! पोरगी जाईल उल्मला!" मी खरंच चिडलो होतो. एका पोरीच्या आयुष्यापुढे कसली आलीत तत्त्वं?

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. जेनिताला जवळ बोलावलं, आपल्या रुमालाने तिचं नाक पुसलं. "आत जा. झालं ते जसंच्या तसं सांग. आणि माग."

"मागू? आपण होऊन?" पोरीची पाचावर धारण बसली. "बाई, मेले तरी जमणार नाही. काय म्हणतील त्या?"

"नाही म्हणतील. नाही म्हटल्यावर ते नाही असतं त्यांच्यात. कळेल तरी."

जेनिता उभीच राहिली. फाटकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सवयीने म्हणणार होतो, ‘जा बाळा, लाजू नकोस,’ पण या वेळी तोंड बंद ठेवलं. मग ती गेली.

आम्ही परत टपरीत बसलो. झुम्रेताने या वेळी कॉफी सांगितली नाही. मघाचा रिकामा कप फिरवत ती म्हणाली, "मिधात, नेदिमने परत विचारलं नाही."

"कशाबद्दल?"

"बैरामबद्दल. मागच्या वर्षीही मी नको म्हटलं, आणि त्याने परत विचारलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीही. मला वाटत होतं, तिकडे त्याचं मन रमलं."

पोरगं सहा वर्षं तिकडे राहून पहिल्या नकाराला नकार समजायला शिकलं होतं, आणि आई इथे दरवर्षी अक्रोड आणून ठेवत होती.

तेवढ्यात जेनिता आली. आता हसत नव्हती, धावत होती.

"मी म्हटलं, मॅडम, माझं चुकलं. आमच्यात तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणतात. तुम्ही एकदाच विचारलंत. मला ही नोकरी हवी आहे. मला तिसऱ्यांदा विचारा."

"मग?"

"आधी त्यांना काही कळेचना. मग खूप हसल्या. म्हणाल्या, इथे आल्यापासून त्यांना कोणी परत जेवायला का बोलावत नाही ते आज कळलं. लोक तीनदा म्हणायचे ‘या ना घरी,’ त्या तिन्ही वेळा म्हणायच्या ‘या आठवड्यात जमणार नाही,’ आणि बोलणं तिथेच संपायचं. अहो, दोन्ही बाजूंनी बिघाड! मग ताठ उभ्या राहिल्या आणि ओळीने तीनदा विचारलं. येशील? येशील? येशील?"

"आणि?"

"पहिल्यालाच हो म्हटलं, बाई. उरलेले दोन त्यांनी गंमत म्हणून विचारले. सोमवारपासून बोलावलंय."

मी टेबलावर जोरात थाप मारली, कप पालथा झाला. झुम्रेताने जेनिताला कुशीत घेतलं, सोडलं, परत घेतलं. मग कोटाच्या खिशातून फोन काढला आणि उभ्या उभ्याच नंबर लावला.

"आई? काय झालं? या वेळी कसा फोन केलास?"

"काही नाही झालं. नेदिम, ते बैरामचं मला परत विचार."

"कशाचं?"

"विचार म्हणते ना!"

पलीकडे कुठलं तरी यंत्र चालू होतं. "आई, तू नको म्हणालीस म्हणून मी ओव्हरटाइम घेतला." मग जरा हळू आवाजात, "येऊ का?"

"ये," झुम्रेता म्हणाली. "ये रे."

आणि फोन तसाच कानाला धरून ती त्या टपरीत सगळ्यांदेखत रडायला लागली. मी टपरीवाल्याला तीन कॉफ्या सांगितल्या. जेनिताने नको म्हटलं नाही.