टाकी हुंगणारे मामा

शिरूर कासारच्या बाजारतळाला लागून मामांचं पत्र्याचं दुकान होतं. इंजिनाची गळकी टाकी घेऊन कुणी गेलं, की मामा त्याला बस म्हणत नसत, नाव विचारत नसत. आधी झाकण काढून, डोळे मिटून टाकी हुंगत. लेकराची टाळू हुंगावी तशी.

फवारणीचे पंप, पाणी ओढायची छोटी इंजिनं, सगळ्यांच्या टाक्या त्यांच्याकडे येत. गळतीवर कथलाचा डाग द्यायचं काम पाच मिनिटांचं, त्याआधीची तयारी दोन दिवसांची. सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी तीनदा विसळायची, उन्हात उपडी ठेवायची, पुन्हा हुंगायची. "भरली टाकी गरीब असती, गुरुजी," ते म्हणत. "रिकामीच्या पोटात वाफ असती. ती काडीची वाट बघत बसती."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला धीर नाही. एकदा माझ्या फवारणी पंपाच्या गळतीवर घरीच अंगाचा साबण चोळून टाकी घेऊन गेलो. मामांनी नखानं साबण खरवडला. "आंगूळ तर घातली. पावडर कावून न्हाई लावली?" दुकानात बसलेले सगळे हसले. ही गोष्ट आमच्या घरी अजून प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते. बहुतेक वेळा मीच सांगतो.

पुढे मामा तापानं आजारी पडले. उठले, पण नाकाचा वास गेला. फोडणीचा कळेना, रॉकेलचाही कळेना. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते माझी टाकी पुन्हा गळू लागली तेव्हा.

टाकी धुऊन, उन्हात ठेवून दोन दिवस झाले होते. मी न्यायला गेलो, तर शेगडी पेटायची बाकी होती. मामांनी डोळे मिटून टाकी हुंगली. बराच वेळ हुंगली. मग माझ्याकडे दिली.

"तुमी बगा, गुरुजी. आजारापासून मला वास येत न्हाई."

तिकडे माझ्या शेतात कपाशीची फवारणी खोळंबली होती. मी टाकी तोंडाजवळ नेल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काही नाही. पेटवा."

मामांनी काडीपेटी उचलली आणि परत खाली ठेवली. "आनखी एक डाव बगा."

या वेळी मी खरंच हुंगलं. तळाशी पेट्रोल होतं. अगदी पुसट, पण होतं. मी टाकी मामांपुढे ठेवली.

"आहे," मी म्हणालो.

मामांनी टाकी तशीच माझ्या हातात दिली. "दुसरीकडं न्या. वास बघून पेटव म्हनावं त्याला."

त्या दिवसापासून त्यांनी टाकीला हात लावला नाही. कोऱ्या पत्र्याची नरसाळी आणि चाळण्या तेवढ्या करत. दुकानातली गर्दी ओसरली. काही महिन्यांनी मी नरसाळं आणायला गेलो, तेव्हा न राहवून म्हणालो, "मामा, दुसऱ्या कुणाच्या नाकावर काम चाललं असतं की."

"तुमच्या नाकावर चालवून बगितलं ना," ते हातातला पत्रा वळवत म्हणाले. "पयल्या डावाला तुमचं नाक टाकीला लागलंच न्हवतं."

आवाजात राग नव्हता. नरसाळ्याची कड बोटाला लागू नये म्हणून त्यांनी ती दोनदा घासून दिली.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. त्यांच्या नरसाळ्यानंच मी टाकी भरतो. भरण्याआधी झाकण काढतो, डोळे मिटतो आणि नाक पत्र्याला टेकवतो. बायको म्हणते, "पेट्रोलच तर भरायचंय, मग वास कशाला बघता?" मी नाक आणखी थोडा वेळ तसंच टेकवून ठेवतो.