सिस्टरच्या बगीच्यातली ऐंशी झाडं

दिनेशने वानखडे सिस्टरला फसवलं. फसवताना नाव माझं वापरलं आणि मालही माझ्याच नर्सरीतला वापरला. हे आधीच लिहून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की मी आपल्या बाजूचं तेवढं सांगितलं.

मला कळलं ते असं. डिसेंबर होता. नर्सरीत दोन गिऱ्हाइकं बसली होती, पुढच्या पावसाळ्याच्या कलमांचा भाव तोडत होती. मी तुटत नव्हतो. तेवढ्यात सिस्टरची स्कूटी आली. त्या सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या, वय त्रेसष्ट. हेल्मेट न काढताच त्यांनी माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली. सात-आठ फळं गडगडत खाली गेली.

"खा," त्या म्हणाल्या.

"काय झालं सिस्टर?"

"आधी खा. मग विचारा."

मी एक सोललं. साल जाड, खडबडीत. कोवळ्या झाडाच्या पहिल्या फळाची साल अशी असते, म्हणून हाताला शंका आली नाही. फोड तोंडात टाकली आणि जीभ टाळूला चिकटली. संत्र्याचं आंबट मला कळतं, कच्च्याचं कळतं, रोगट झाडाचं कळतं. हे संत्र्याचं आंबट नव्हतंच. ही जंबेरी होती.

जंबेरी म्हणजे एक रानटी लिंबू. संत्र्याचं झाड बियांपासून लावलं तर फळ यायला फार वर्षं लागतात. म्हणून आम्ही आधी जंबेरीचं रोप वाढवतो. ते मजबूत असतं, आमच्या काळ्या जमिनीत टिकतं. त्याला खुंट म्हणतात. पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चीर देऊन चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा आत बसवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचा. तीन आठवड्यांनी पट्टी जरा सरकवून पाहायची. डोळा हिरवा असेल तर लागला. मग खुंटाचा वरचा भाग छाटायचा, म्हणजे सगळा जोर डोळ्यात जातो आणि वर वाढतं ते संत्रं. डोळा काळा पडला तर कलम फेल. खाली जंबेरी, वरही जंबेरी.

"रविवारी नातीचा पहिला वाढदिवस होता," सिस्टर सांगत होत्या. दोन्ही गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती. "बगीच्यातच केला. पहिलीच तोडणी, म्हणून नागपूरचे पाहुणे बोलावले. वांग्याची भाजी, रोडगे, सगळं. सगळ्यात जोमदार ओळीतली फळं मी स्वतः तोडून पाहुण्यांसमोर ठेवली. नातीच्या जिभेवर पहिली फोड मी ठेवली, गुणवंतराव! पोरगी अशी किंचाळली की पाहुणे उठून उभे राहिले. आणि विहीणबाई काय म्हणाल्या माहीत आहे? 'संत्रे खायले बोलावलं अन् लोणच्याचे लिंबू चारून राहिल्या.'"

एक गिऱ्हाईक हसलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तसं थांबलं.

"माझ्या नर्सरीतून असा माल जात नाही," मी आवाज चढवला. "पंचवीस वर्षं झाली. मजुरीवर डोळे बांधत होतो तेव्हापासून या हातांचं कलम लोक विचारून नेतात. तुमच्या मजुराने दुसऱ्याची रोपं मिसळली असतील."

"ओरडू नका. मी वॉर्डात तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारे पाहिले आहेत." त्यांनी पर्समधून कागद काढला. "दोनशे ऐंशी झाडं. तुमचं पॅड."

पॅड माझं होतं. अक्षर दिनेशचं होतं. दिनेश तेव्हा सौंसर भागात माझ्यासाठी ऑर्डर आणायचा. सिस्टरची ऑर्डर त्यानेच आणली होती, पण मला त्याने दोनशे सांगितली होती आणि मी दोनशेच दिली होती.

"उद्या सकाळी येतो," मी म्हटलं. "माझी नाहीत हे तुमच्यासमोर सिद्ध करतो. मग बोलू."

गिऱ्हाइकं निघून गेली. पुढच्या वर्षीचं बुकिंग त्यांनी दुसरीकडे केलं, हे मला नंतर कळलं.

सिस्टरचा बगीचा मोहगावच्या बाजूला आहे. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा भावांनी सांगितलं, नागपूरला फ्लॅट घे. त्यांनी जमीन घेतली. त्यांचे वडील लोकांच्या बगीच्यात संत्रा तोडायला जायचे. आपल्या नावाचा बगीचा असावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पाच वर्षं त्यांनी तो दवाखाना चालवावा तसा चालवला. प्रत्येक ओळीला नंबर, प्रत्येक खताची वहीत नोंद. मी लावणीनंतर एकदा सल्ला दिला होता की पहिली चार वर्षं झाडावर एकही फळ ठेवू नका, कोवळं असतानाच झाडून टाका, झाड तगडं होतं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीसारखा तो पाळला. त्यामुळेच चोरी पाच वर्षं झाकून राहिली. हिरव्या गोटीएवढं फळ पाहून कोणाला काय कळणार?

मी ओळींतून फिरलो. पान चुरगळून वास घेतला की कळतं. दोनशे झाडं बरोबर होती, माझीच. पण नाल्याकडच्या चार ओळी, वीस-वीस झाडांच्या, सगळ्यांपेक्षा दीड हात उंच, गर्द, ती जंबेरी.

"या चार ओळी मी लोकांना दाखवत होते," सिस्टर म्हणाल्या. "म्हणायची, बघा, जोर कसा आहे."

 जंबेरीला जोर असतोच. म्हणून तर आपण तिला खाली ठेवतो.

मला फक्त एक गोष्ट सिद्ध करायची होती, की ही रोपं माझ्याकडची नाहीत. मी डोळा एक वीत आणि चार बोटं एवढ्या उंचीवर बांधतो. बाकीचे त्याच्या खाली बांधतात, कारण खाली खुंट लवकर जाड होतो आणि काम लवकर उरकतं. मी पहिल्या झाडाशी गुडघे टेकले आणि वीत लावून मोजलं. एक वीत, चार बोटं. तिथेच खोड आवळल्यासारखं दिसत होतं, लहानपणचं कडं मोठेपणी मनगटात रुतावं तसं. चाकूने साल खरवडली. आत निळी पट्टी होती.

निळी पट्टी या भागात मीच वापरतो. बाकीचे पांढरी घेतात, बाजारात तीच मिळते. मी नागपूरहून निळा रोल आणतो. कलम लागलं की पट्टी मी स्वतः सोडतो, नाहीतर ती खोडात रुतते. सोडत नाही ती फक्त फेल झालेल्यांची, कारण त्यांच्याकडे पुन्हा बघायचंच नसतं.

मला सगळं आठवलं. त्या वर्षी दिनेश कमिशन मागत होता. मी घासाघीस करत होतो. तो म्हणाला, "भाऊ, काही तं द्या." मी म्हटलं, "कोपऱ्यात ऐंशी फेल पडले आहेत. घेऊन जा, आपले नवे डोळे बांध अन् वीक." एक रुपया न देता कमिशन मिटवलं म्हणून मी दिवसभर खूश होतो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याले डोळे बांधता येते का?" मी म्हटलं, "ते त्याचं तो पाहील."

त्याने पाहिलं. डोळे न बांधता ती माझ्या दोनशेंच्या जोडीला सिस्टरला दिली आणि माझ्या पॅडवर दोनशे ऐंशी लिहिले.

सिस्टर मागे उभ्या होत्या. पट्टीचा तुकडा मी मुठीत धरला आणि तसाच खिशात टाकला. खरं तेच लिहितो, कारण त्या क्षणी मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. म्हणायचं, दुसऱ्या नर्सरीची आहेत, आणि निघून जायचं.

"खिशात काय टाकलं?"

"काही नाही. साल."

"गुणवंतराव, मी तीस वर्षं डॉक्टरांचे हात पाहिले आहेत. कापूस आत राहिला की ते असेच हात खिशात टाकतात. काढा."

मी पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "माझी आहे," म्हटलं. मग सगळं सांगितलं. कमिशनचंही.

त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याने मला लुटलं, आणि पिशवी तुम्ही दिली."

याच्यावर मला भांडता येत होतं. भांडलो नाही. सरळ सौंसरला गेलो. दिनेशने आता बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकलं आहे. काउंटरमागे बसून चहा पीत होता.

"या भाऊ! किती दिवसांनी! चहा सांगू का?"

"वानखडे सिस्टरच्या ऐंशी झाडांले जंबेरी लागली."

त्याने कप खाली ठेवला. "मंग?"

"मंग? तू काय दिलं त्यायले?"

"तुमच्या नर्सरीचे झाडं दिले. कागदावर वाचा, तेवढंच लिहिलं हाये. तुमच्या नर्सरीचे होते का नाही, सांगा?"

"फेल होते!"

"ते तुमी मले फुकटात काहून दिले? चांगले होते म्हणून?" तो हसला. "आता पाच वर्षं झाले भाऊ. झाडं मोठे झाले, बाईचं नाव झालं. तुमी कायले टेन्शन घेऊन राहिले?"

मी काउंटरवर हात आपटला. औषधाची एक बाटली पडून फुटली. शेजारचे दुकानदार धावत आले. दिनेश त्यांना म्हणाला, "म्हातारपणात बीपी वाढते, पंखा लावा रे." सगळे हसले. मी बाटलीचे पैसे काउंटरवर फेकले आणि बाहेर पडलो. तो वास दोन दिवस हाताला होता.

तिसऱ्या दिवशी परत सिस्टरकडे गेलो. यावेळी आधी ठरवून गेलो होतो.

"ऐंशी उपटून नवी कलमं लावून देतो. फुकट."

"मग फळ किती वर्षांनी?"

"पाच."

"मला पाच वर्षं आहेत की नाहीत, हे तुम्ही सांगणार का? दुसरं सांगा."

दुसरं होतं, पण मेहनतीचं होतं. जंबेरीचं झाड मुळात खुंटच आहे. पाच वर्षांचा खुंट म्हणजे मुळं खोलवर गेलेली. ते गुडघ्याएवढं ठेवून वरचं सगळं कापायचं. नवे कोंब फुटले की चांगले दोन-तीन ठेवायचे आणि पावसाळा ओसरला की त्यांच्यावर संत्र्याचे डोळे बांधायचे. मुळं तयार असल्यामुळे तीन वर्षांत फळ येतं. मी हे सांगितलं तेव्हा सिस्टर पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या.

"म्हणजे पाय तेच, वरचं धड बदलायचं."

"तसंच."

"किती जगतात?"

"शंभरात नव्वद."

"जे फेल होतील ते?"

"पुन्हा बांधून देईन."

"डोळे कोणत्या झाडाचे?"

"माझ्या नर्सरीत मातृवृक्ष आहेत, डोळे घ्यायची झाडं. तुम्ही येऊन फळ खा. जे झाड आवडेल त्याचे."

"हात कोणाचा?"

"माणसं आहेत ना माझी, चांगली..."

"नाही. तुमचा. एकही झाड दुसऱ्याच्या हातचं नको. आणि झाडं कापायची वेळ येईल तेव्हा मी समोर असेन."

आयुष्यभर मी लोकांचा भाव पाडला. त्या दिवशी मी एकाही गोष्टीवर खाली-वर केलं नाही. त्यांना वाटलं मी कबूल होणार नाही. मी म्हटलं, "कापणी कधी सुरू करू?"

फेब्रुवारीत झाडं कापली. सिस्टर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिलं झाड पडलं तेव्हा त्या उठून घरात गेल्या आणि थोड्या वेळाने परत येऊन बसल्या. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारत होते, "एवढी चांगली झाडं काहून तोडून राहिले जी?" त्यांना उत्तर सिस्टरच द्यायच्या. "ऑपरेशन चालू आहे. पुढे चला."

पावसाळ्यानंतर डोळे बांधले. जमिनीवर गुडघे टेकून, रोज दहा-बारा झाडं. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. ऐंशीपैकी एकाहत्तर झाडांचे डोळे हिरवे. नऊ पुन्हा बांधले, त्यांतले सात लागले. उरलेले दोन तिसऱ्यांदा बांधले, तेही लागले. सिस्टरने वहीत लिहिलं, "ऐंशी." आणि खाली माझी सही घेतली.

गेल्या हंगामात त्या झाडांवर थोडी फळं आली. नात आता शाळेत जाते. तिने फोड आधी वास घेऊन पाहिली आणि मग खाल्ली. विहीणबाईंना सिस्टरने पेटी पाठवली, वर चिठ्ठी नाही, काही नाही.

नर्सरीत आता फेल झालेलं रोप त्याच दिवशी मी मुळापासून मोडतो. कोणी फुकट मागितलं तरी देत नाही, कोणी पैसे देऊन मागितलं तरी देत नाही. शिकायला एवढंच होतं, आणि ते पहिल्या वर्षीच शिकता आलं असतं.

पण दिनेश, तुझं काय? आपला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तुझ्या दुकानाची पाटी मोठी झाली, त्यावर 'शेतकऱ्यांचा विश्वासू' असं रंगवून घेतलंस. मी माझ्या वाट्याची ऐंशी झाडं गुडघ्यांवर भरून दिली. तू त्या बाईंसमोर एकदाही उभा राहिला नाहीस. पाच वर्षं त्यांनी जंबेरीला खत घातलं, पाणी दिलं आणि लोकांना कौतुकाने दाखवलं. त्या पाच वर्षांचा हिशोब मला देऊ नकोस, मला तो नको. त्या रोज सकाळी बगीच्यात असतात. तिथे जा, कागदावर अक्षर कोणाचं आहे ते स्वतःच्या तोंडाने सांग, आणि त्या जे विचारतील त्याचं उत्तर दे.