पन्नासची लेन्स आणि शेजारची म्हैस

मला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवून घरी आले की मी गच्चीवर जायची आणि फोनने तारेवरच्या साळुंक्यांचे फोटो घ्यायची. स्टाफरूममध्ये दाखवले की मैत्रिणी फोन वरखाली करत विचारायच्या, यात पक्षी कुठाय? चाळिशी ओलांडल्यावर मला निदान एक गोष्ट तरी नीट करावीशी वाटली. म्हणून डीएसएलआर घ्यायचा ठरवला. साधाच, नवशिक्याला झेपेल असा, आणि सोबत पक्षी जवळ आणणारी एक लांब लेन्स.

मग हे बाबांना कळलं.

बाबांनी सारी नोकरी या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या फॅक्टरीत, माल तपासायच्या विभागात काढली. लष्कराला जाणारी वस्तू ते आधी हलवून, वाजवून, उलटी धरून पाहायचे आणि मगच पास करायचे. निवृत्तीनंतर तपासायला घरच उरलं. नवा कुकर आला तेव्हा त्यांनी तो आठवडाभर नुसता पाण्यावर चालवला आणि आम्ही जुन्यातला वरणभात खाल्ला. आई असती तर तिनं त्यांना आवरलं असतं. आता घरात आम्ही दोघंच, आणि मला ते कधी जमलं नाही.

माझ्या बजेटमध्ये कॅमेऱ्याची नवी बॉडी आणि लांब लेन्स एकत्र बसत नव्हती. म्हणून आम्ही आधी कमानिया गेटजवळ एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे वापरलेली बॉडी पाहायला गेलो. तो बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यावर गेला होता आणि जुना स्वस्तात काढत होता. बाबांनी कॅमेरा कानाशी धरून बटण दाबलं, डोळे मिटून आवाज ऐकला आणि याने किती लग्नं केली असं विचारलं. फोटोग्राफरला अभिमान वाटला असावा. तो म्हणाला, गिनती ही नहीं है, अंकल जी. बाबांनी कॅमेरा हळूच खाली ठेवला. ऑटोत बसल्यावर ते मला म्हणाले की बिचारा थकला आहे, त्याला आता कामाला लावू नये. कॅमेऱ्याबद्दल बोलत होते.

मग सदरच्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराकडे नव्या डीएसएलआरचा शेवटचा माल उरला होता. त्यानं काचेवर बॉडी ठेवली आणि शेजारी दोन लेन्स मांडल्या. एक मला हवी होती तशी लांब झूम. दुसरी लाडवाएवढी, पन्नास एमएमची, जी पुढेमागे होतच नाही. बाबांनी लांब लेन्स फिरवली तशी तिची सोंड बाहेर आली. त्यांनी सोंड दोन बोटांत धरून हलवली.

"काहून वं, ही तर हलून राहिली," ते मला म्हणाले.

दुकानदारानं समजावलं की या किमतीच्या सगळ्याच थोड्या हलतात. बाबांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी थांबलेले एक निवृत्त फौजी साहेब खुर्ची ओढून जवळ आले. बाबा फॅक्टरीतले आहेत हे कळताच त्यांनी हात मिळवला, कारण बाबांनी पास केलेला माल त्यांनी कधी ना कधी चालवला असणार असं दोघांचंही मत पडलं. पुढची बोलणी त्या दोघांतच झाली. साहेबांनी निशाणा किती लांब असतो ते विचारलं. मी म्हटलं, झाडावर असतो, पक्षी आहे. त्यांनी मान डोलावली आणि तो उलट हल्ला करतो का असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांच्या मते प्रश्न सुटला. हल्ला करत नसेल तर लांबून कशाला मारायचं?

बाबांनी छोटी लेन्स उचलली. तिच्यात हलण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. ती त्यांनी पुष्कळ वेळ हलवून पाहिली.

"और इससे पास कैसे जाते हैं?" त्यांनी विचारलं.

"चलकर, अंकल जी," दुकानदार म्हणाला.

तो गमतीत म्हणाला होता. पण बाबांनी आणि साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मला कळलं की माझी लांब लेन्स गेली. नवी बॉडी आणि छोटी लेन्स माझ्या बजेटात चोख बसत होती, त्यामुळे मला वाद घालायलाही जागा उरली नाही. साहेबांनी निघताना मला शुभेच्छा दिल्या आणि वाऱ्याची दिशा पाहायला सांगितलं.

आमचं घर शहराच्या कडेला, रिछाईच्या अलीकडे आहे. घरामागे मोकळं रान आणि त्याला लागून म्हशींचा एक गोठा. पहिल्या रविवारी मी तिथे गेले आणि पक्ष्यांकडे चालायला लागले. पक्षी उडायला लागले. नीलकंठ उडाला, कोतवाल उडाला, बगळे थोडे पुढे जाऊन बसले आणि मी पोचताच आणखी पुढे गेले. बाबा बांधावर उभं राहून पाहत होते. चूक लेन्सची नाही असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या चालण्यात दोष होता.

मग ते स्वतः निरीक्षणाला लागले. त्यांच्या लक्षात आलं की म्हैस चालत गेली तर एकही पक्षी उठत नाही. उलट बगळे तिच्या पायाशी येतात आणि कोतवाल पाठीवर बसतो. त्यांनी गोठेवाल्या भैयाशी बोलणं केलं. सकाळी म्हशी चरायला सुटतात तेव्हा त्यातली सगळ्यात शांत म्हैस आम्ही हिंडवू. भैयानं बाबांना विचारलं, दीदीची तब्येत ठीक आहे ना. बाबांनी सांगितलं की दीदी सायन्सच्या आहेत. त्याला तेवढं पुरलं.

त्यानंतर बरेच दिवस आमची सकाळ अशी जायची. पुढे बाबा, हातात दोर. मधे म्हैस. आणि तिच्या पोटाआड वाकून चालणारी मी, गळ्यात कॅमेरा. बाबांनी मला बजावलं होतं की पाय म्हशीच्या पायाबरोबर पडले पाहिजेत, नाहीतर पक्षी मोजतात. पक्षी पाय मोजतात हे त्यांना कोणी सांगितलं मला ठाऊक नाही. पण आम्ही खरंच जवळ पोचायचो. एकदा बगळा इतका जवळ होता की मला त्याच्या चोचीतला नाकतोडा दिसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, म्हशीनं कान हलवला, आणि फोटोत कान आला. कॅमेऱ्यात शेकड्यानं कान जमले. रस्त्यावरून शाळेची बस जायची. सोमवारी नववीतल्या एका मुलीनं मला अदबीनं विचारलं, मॅम, आप लोगों ने भैंस ले ली?

पक्षी नीट येईनात म्हणून मी एके दिवशी वैतागून म्हशीचाच फोटो काढला. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, नेम तिच्या डोळ्यावर. डोळा असा आला की त्यात आभाळ दिसत होतं, आणि मागचा उकिरडा, पत्रे, इलेक्ट्रिकचा खांब सगळं विरघळून लोण्यासारखं झालं होतं. बाबांना दाखवला. त्यांनी कॅमेरा उलटा धरूनही पाहिला. मग म्हणाले, "ही तर कोणाची तरी आई वाटून राहिली."

भैयानं तो फोटो फोनवर मागून घेतला. त्याला म्हैस विकायची होती आणि त्यानं फोटो सगळीकडे पाठवला, हे आम्हांला नंतर कळलं. आठवडाभरात सिहोऱ्याकडून एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले. पांढरा सदरा, मोठं पोट, हातात फोन. ते म्हशीभोवती फिरले, फोनमध्ये पाहिलं, परत फिरले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की ही ती म्हैस नाही. फोटोतल्या म्हशीची दोन्ही शिंगं शाबूत आहेत. हिचं पलीकडचं मोडकं आहे.

भैयानं मला बोलावून घेतलं. बाबाही आले. फोटोत पलीकडचं शिंग होतं, पण मागे विरघळलं होतं, आणि त्या धुक्यात मोडकंसुद्धा पूर्ण दिसत होतं. गोठ्यातल्या खाटेवर बसून मी हिंदीत समजावलं की छिद्र मोठं असलं की एकच गोष्ट स्वच्छ येते, पुढचं-मागचं पुसट होतं. यात फसवणूक नाही, प्रकाशाचा नियम आहे. मी सरकीच्या पेंडीवर बोटानं आकृतीही काढली. म्हैस आकृती खाऊन गेली.

बाबा अस्वस्थ झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून मोडका माल पास झाला नव्हता. ते उठले आणि गृहस्थांना म्हणाले, सौदा करू नका, दोष आमच्या बाजूचा आहे. भैयानं डोक्याला हात लावला.

गृहस्थ मात्र उठले नाहीत. फोटो लांब धरून, जवळ धरून पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं की हे यंत्र माणसांवरही चालतं का. मी हो म्हटलं.

"तो मेरा भी एक निकाल दीजिए, दीदी," ते म्हणाले. "जो ठीक नहीं है, वो पीछे रह जाए."

मी कॅमेरा आणला. त्यांना भिंतीशी उभं केलं आणि काय मागे ठेवायचं ते विचारलं. ते विचारात पडले. पोट म्हणाले, मग नको म्हणाले, ते कमावलेलं आहे. कपाळावर जुना व्रण होता, पण तो वडिलांच्या हातचा होता. बाबा मदत म्हणून त्यांना डावीकडून, उजवीकडून, थोडं लांबून पाहू लागले, आणि शेवटी म्हणाले की त्यांना तरी परत पाठवण्यासारखं काही सापडत नाही. गृहस्थ लाजले. मी तेवढ्यात बटण दाबलं. फोटोत फक्त डोळे आणि मिशी स्वच्छ आली. पाहून त्यांनी खिशातून पैसे काढले आणि म्हैस घेतली, मोडक्या शिंगाचे पैसे कमी न करता.

बाबांनी तिला स्वतः टेम्पोत चढवलं. पुढे काही दिवस ते सकाळी रानात एकटेच जाऊन यायचे. भैयानं दुसरी म्हैस देऊ केली, पण ती बाबांच्या मागे चालेना.

आता सिहोऱ्याहून दर रविवारी फोन येतो. बाबा म्हशीची चौकशी करतात, ती खाते का, दूध किती देते, कोतवाल बसतो का. ते गृहस्थ कॅमेऱ्याची चौकशी करतात. गेल्या रविवारी ती व्यायली, पारडी झाली. आम्हांला बोलावलं आहे. बाबा सकाळपासून माझ्या दाराशी येऊन विचारून राहिलेत की बॅटरी चार्ज केली का, आणि पारडीसाठी गूळ न्यायचा की नुसतंच जायचं.