टायरात हात फिरवायचा राहिला

पंक्चर काढता येतं याचा मला भारी गर्व होता. ट्रॅक्टरला जॅक लावायचा, टॉमीची लोखंडी पट्टी घालून टायर उकलायचा, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा घासायची, सोल्यूशन लावून पॅच बसवायचा. तालुक्याच्या दुकानात कशाला जायचं? गावात लोक बघायला थांबत आणि मला बरं वाटे.

धानाचे भारे खळ्यावर न्यायचे दिवस होते. पुढचं चाक बसलं. टायरला बाहेरून बोरीचे दोन-तीन काटे रुतलेले दिसले, ते चिमट्यानं उपसले, पॅच मारला, चाक चढवलं. दोनच दिवसांनी तेच चाक पुन्हा जमिनीला टेकलं. पुन्हा पॅच मारला, पण डोकं असं तापलं होतं की विचारू नका.

शेतात जायच्या आमच्या गाडीवाटेला, पांदणीला लागून एका म्हाताऱ्या बाईची धानाची एक बांधी आहे, बांध घातलेलं छोटं खाचर. एकटी बाई. त्या बांधीतलं धान म्हणजे तिचं वर्षभराचं खाणं. रानडुकरं शिरू नयेत म्हणून तिनं पांदणीच्या बाजूनं बोरीच्या काट्या, तोडलेल्या काटेरी फांद्या, रचल्या होत्या. एरवी तिला 'बाई, तुमी' म्हणणारा मी, त्या दिवशी चार माणसांदेखत एकदम 'तू'वर आलो.

"तुह्या काट्यायनं माह्यं ट्रॅक्टर दोनदा बसवलं. आजच्या आज काढ, नाई तं मी चाक घालून मोडतो."

"चार दिस थांब नं बाबू. धान पिकून राह्यलं. कापणी झाली का काढतो. डुकरं येते नं."

"डुकरायचं मले काऊन सांगून राह्यली?"

ती काट्यांकडे वळली. दुपारभर एकटीनं काट्या ओढल्या. मी येता-जाता पाहिलं, हातही लावला नाही. तिच्या पंज्यांना फडकी गुंडाळलेली होती, एवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं, डुकरांनी बांधी लोळवली. अर्ध्याहून जास्त धान चिखलात गेलं होतं. त्याच सकाळी माझं तेच चाक पुन्हा बसलं. पांदणीत आता काटी शोधून सापडली नसती. मी मुकाट चाक काढलं, टायर-ट्यूब मोटरसायकलला बांधलं आणि तालुक्याच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं ट्यूब फुगवली. जुने दोन पॅच आणि नवं भोक, तिन्ही एका वितीच्या आत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, टायरात हात नाई फिरवला काय?"

नव्हता फिरवला. त्यानं फडकं घेऊन टायरच्या आतून सावकाश हात फिरवला, एका जागी थांबला आणि पकडीनं एक खिळा ओढून काढला. डोकं घासून गेलेला, बाहेरून रबरात पार बुडालेला. मी तो लगेच ओळखला. त्याच महिन्यात मी गोठ्यावरचे जुने पत्रे उतरवले होते, तेव्हाचे खिळे अंगणात सांडलेले होते. वेचायचा कंटाळा केला होता. बोरीचे काटे तर टायरात निम्मेही गेले नव्हते.

खिळा खिशात घालून निघालो. तिला दाखवायचा, चूक कबूल करायची, असं रस्ताभर घोकत आलो. ती बांधीतच होती, चिखलातल्या लोंब्या वेचून टोपलीत टाकत होती. मोटरसायकल थांबलेली पाहून पांदणीवर आली. वाटेत एक सुकी काटी पडली होती, ती वाकून उचलली आणि बांधापलीकडे फेकली.

"आता नाई ना होत पंचर, बाबू?"

"नाई, बाई."

"बरं झालं. माह्यामुळं तुले लय तरास झाला."

खिशातला खिळा मांडीला टोचत होता आणि मी 'हो' म्हणून मान हलवली. हो म्हणालो मी. शरमेनं मेल्यासारखं झालं, तरी खिळा खिशातच राहू दिला. नंतर धानाचं एक पोतं तिच्या दारात नेऊन ठेवलं, तर ती मलाच आशीर्वाद देत बसली. तेव्हाही सांगितलं नाही.

आता चाक चढवण्याआधी मी टायरात दोनदा हात फिरवतो. त्यानं तिचं काही भरून येत नाही.

यंदा तिचं धान चांगलं आलंय. तीन बाजूंनी काट्या रचल्यात, पांदणीची बाजू मोकळी ठेवलीय. तिथं ती स्वतः राखणीला बसते, माझं चाक पंक्चर होऊ नये म्हणून.